पांढरीखाली काय पुरलंय?

माझ्या आजीचं गाव मालेगावच्या खालच्या अंगाला, गिरणेच्या काठी. घरं धाब्याची. मिरगाच्या आधी धाब्यावर नवी माती पडली नाही तर पाणी थेट चुलीत. ही माती शेतातली चालत नाही. काळी पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. पांढरीच लागते. आणि पांढरी मिळते ती उजाड झालेल्या जुन्या गावाच्या टेकाडावर, जिथं कधीकाळी माणसं राहिली, चुली पेटल्या, राख सांडली, भिंती पडल्या आणि सगळ्याची मिळून माती झाली. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. गावगाड्याचा सगळा हिशेब या दोन शब्दांत. आम्ही काळीतही नव्हतो आणि पांढरीतही नव्हतो. पण पाटलाच्या धाब्यावर पांढरीच्या टोपल्या वाहायला माझी आजी होती, तिच्या आधी तिची सासू होती.

सात-आठ वर्षांचा असताना आमच्याच धाब्यावर माती पसरताना टोपलीतून एक खापर निघालं. तांबूस, पातळ, वर काळ्या रेघांची जाळी. नखानं वाजवलं तर टण्ण वाजलं. आजी म्हणाली, "हाई राकेसनं भांडं शे. फेकी दे." दिलं फेकून.

आज मी मुंबईच्या गोदीत गोण्या आणि पोलाद हलवतो. मॅट्रिक झालेला माणूस. कविता करतो, त्या अशाच अंकांत छापून येतात आणि अशाच अंकांबरोबर रद्दीत जातात. तर गेल्या वर्षी एका वाचनालयात म. के. ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' हाती लागलं. राजहंसनं २०११ साली काढलेलं पुस्तक. नाव वाचूनच डोकं सणकलं. कुळकथा! कुणाचं कुळ? आमच्या भाषेत कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि आमच्या बापजाद्यांना तर कुळ म्हणूनही कुणी उभं केलं नाही. पण पुस्तक उघडलं आणि दोन रात्री झोप नाही. त्यात खापरांबद्दल वाचत गेलो आणि आजीच्या धाब्यावरचं ते खापर डोळ्यापुढं वाजायला लागलं. ते जोर्वे पद्धतीचंच होतं अशी शपथ मी घेणार नाही. पण गिरणेच्याच काठी, चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळला १९५० नंतरच्या दहा वर्षांत पुरातत्त्व खात्यानं खणलं, तेव्हा तिथं ताम्रपाषाण काळची वस्ती निघाली आणि पलीकडच्या काठावर टेकवाड्याला त्यांची पुरलेली माणसं निघाली. राक्षस नव्हते ते, आजी. शेतकरी होते. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच नदीचं पाणी पिणारे.

हे मी मालेगावच्या अभ्यासवर्गात मांडलं आणि भांडण झालं. त्या भांडणासाठीच हा लेख.

आमच्यातला एक जण उठला आणि म्हणाला, "म्हणजे बघा, आर्य यायच्या आधी इथं सगळे समान होते. ना जात, ना मालक. आपलंच राज्य होतं. याचं पत्रक काढू." टाळ्या पडल्या. दुसरा म्हणाला, "छे, तेव्हाही कुंभार-चांभार गावाच्या कडेलाच. म्हणजे महारवाडा तेव्हापासून आहे. हे कधी सुटायचं नाही." याला टाळ्या नाही पडल्या, पण माना खाली गेल्या. मला दोघांचंही पटलं नाही. तेव्हा नीट बोलता आलं नाही, कारण मी सलग दोन पाळ्या करून रात्रीच्या गाडीनं आलो होतो. आता सांगतो.

पुण्याच्या पूर्वेला शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथलं टेकाड डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर ही मोठी नावं. शंभरावर घरं उघडी केली. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास लोक तिथं आले आणि ७०० च्या सुमारास ते गाव उठलं. म्हणजे नऊशे वर्षं एकाच पांढरीवर. निव्वळ दगडी हत्यारांवर जगणाऱ्या शेतकऱ्यांची गावं आपल्या महाराष्ट्रात जवळजवळ सापडत नाहीत. आपला पहिला शेतकरी गारेच्या धारदार पात्या वापरतो आणि सोबत थोडंसं तांबं बाळगतो. तांबं महाग. कुऱ्हाड, छिन्नी, गळ, बांगडी, मणी, एवढंच. रोजचं कापणं, सोलणं, खरवडणं दगडावर.

घरं कशी? चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंती, वर कुडाचं आणि गवताचं. आत चूल. जमिनीत चुना लावून घट्ट केलेली पेवं, म्हणजे धान्याचे खड्डे. शेजारी मातीचे गोल ओटे, त्यावर कणग्या ठेवायच्या. दळायला पाटा. पेरायला जव मुख्य, थोडा गहू, मसूर, वाटाणा. हे वाचताना मला कुठल्याच परग्रहावरची गोष्ट वाचल्यासारखं झालं नाही. माझ्या आईनं परवापरवापर्यंत असंच घर सारवलंय. मोठ्या माणसाला पुरताना डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आमची म्हातारी अजून जिवंत माणसाला दक्षिणेला पाय करून झोपू देत नाही. तीन हजार वर्षांची भीती आहे ती, आणि आपण तिला कुठल्यातरी भटजीचं शास्त्र समजतो.

मूल मेलं तर? दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत ते लेकरू. आणि ते लांब कुठं नाही, घरातच, पायाखालच्या जमिनीत. अशी लेकरंच जास्त. अडीचशेच्या आसपास दफनं निघाली, त्यातली बहुतेक लहानग्यांची. आई तिथंच चूल पेटवायची, तिथंच दळायची. मेलेल्याचा विटाळ नव्हता, दोस्तांनो. हे मला फार मोठं वाटतं. मढं ओढणारी, मढ्याची वार्ता पोचवणारी, मढ्यावरचं कापड घेणारी माणसं लागतात कधी? मेलेल्याला हात लावला की बाटतो असं ठरल्यावर. इथं तर मेलेलं लेकरू चुलीशेजारी आहे.

आणि गुरं. इनामगावात गाईबैलांची हाडं ढिगानं निघाली, कापल्याच्या खुणांसकट. खायचे. सगळेच खायचे. पाच खोल्यांत राहणारा पण खायचा. आज २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल कापला तर तुरुंग आहे आणि तो कायदा काय करतो हे मालेगावच्या माणसाला मी सांगायची गरज नाही. ज्यांना प्राचीन संस्कृतीचा कळवळा येतो त्यांनी एकदा त्या टेकाडातल्या चुलीत हात घालून बघावा.

इथपर्यंत वाचून माझा पहिला मित्र खूश होईल. पण जरा थांब, गड्या. पाच खोल्या म्हटलं मी.

बाकीची घरं एका खोलीची, कुडानं आत आडोसा केलेली. गावाच्या मधल्या भागात एक घर मात्र पाच खोल्यांचं. लागून धान्याचं कोठार. जवळच नदीचं पुराचं पाणी वळवणारा पाट आणि त्याचा बांध. बांध दोनशे मीटरच्या वर लांब, दगड-मातीचा. ही काही एका घराची कमाई नाही. गाव राबलं असणार. कुणीतरी खणायला लावलं असणार, कुणीतरी टोपल्या वाहिल्या असणार. आणि पाणी आधी कुणाच्या शेतात गेलं असेल, हे कळायला मला पुरातत्त्वाची पदवी नको. आमच्या वस्तीत नळ येतो तेव्हा मी तिथंच उभा असतो. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हापासून आपण पाण्याकडं बघायला शिकलोत.

त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक माणूस सापडला. मातीचा मोठा रांजण, चार पायांचा, फुगलेल्या पोटाचा. त्यात मांडी घालून बसवलेला. बाकी मोठ्या माणसांना खड्ड्यात आडवं पुरायचे आणि पुरण्याआधी घोट्याखालून पाय तोडायचे. का? मेलेला उठून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, गावातच राहावा, असा तर्क खणणाऱ्यांनी केलाय. रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या टोळीतल्या एकाचा पाय गेल्या पावसाळ्यात पोलादाच्या कॉइलखाली आला. घोट्याखालून काढावा लागला. कंत्राटदाराच्या वहीत त्या पाळीला त्याचं नावच नव्हतं. म्हणजे कागदावर तो तिथं नव्हता, त्याचा पायही नव्हता, तर मग तुटलं काय? आम्ही वर्गणी काढली. मुकादमानंही दोनशे दिले आणि बोलू नका म्हणाला. मला माहीतंय, ते तोडणं वेगळं आणि हे वेगळं. त्यांनी मेल्यावर तोडले, मायेनं नाहीतर भीतीनं. पण पाय कुणाचे राहायचे आणि कुणाचे नाही हे घराच्या खोल्या मोजून ठरतंय, एवढं मला इनामगावात दिसलं आणि गोदीतही. पुढं वेदातल्या पुरुषसूक्तानं शूद्राला जन्माला घातलं तेसुद्धा पायातून. आणि आपल्याला तर तिथंही जागा नाही, त्या अख्ख्या पुरुषाच्या अंगावर कुठंच.

तेव्हा 'सगळे समान होते' हे पत्रक मी काढू देणार नाही. ते खोटं आहे. आणि खोट्या सुवर्णयुगाचा धंदा करणारे दुसरे लोक या देशात भरपूर आहेत, त्यांच्या दुकानाशेजारी आपण टपरी कशाला टाकायची? समानतेचं जुनं गाव बघायचंच असेल तर तुर्कस्तानातलं चातालह्यूयुक बघा. इनामगावच्या पाच हजार वर्षं आधीचं. हजारो माणसं, घराला घर चिकटलेलं, गल्लीच नाही, शिडीनं छतातून घरात उतरायचं. मेलेली माणसं घराच्याच ओट्याखाली. एवढ्या मोठ्या वस्तीत राजाचा वाडा म्हणावा असं घर सापडलेलं नाही. म्हणजे शेती आली की मालक आलाच, असंही नाही. आपल्याकडं आला. कोठारातून आणि पाटातून आला.

आता दुसऱ्या मित्राचं. कुंभार, सोनार, चुना भाजणारा यांची घरं इनामगावच्या पश्चिमेच्या कडेला होती. खरंय. कुंभाराची भट्टी तिथंच निघाली. पण कड आणि कूस यात फरक आहे, भावा. भट्टीचा धूर मधल्या वस्तीत कोण ठेवील? कडेचा कुंभार त्याच गावात होता, त्याच पांढरीवर होता. त्याच्या सावलीनं कुणी बाटत होतं याची एकही खूण मातीत निघाली नाही.

आणि तू बाबासाहेबांचं नाव घेतोस तर त्यांचं पुस्तकही घे. अस्पृश्य मूळचे कोण, यावरचा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. इनामगावची पहिली कुदळ पडायच्या वीस वर्षं आधीचा. त्यांनी प्रश्न नेमका इथूनच सुरू केलाय: गुरांमागं भटकणारा माणूस शेती करून एका जागी बसला, तेव्हा काय झालं? बसलेल्यांवर भटक्यांचे हल्ले आले, टोळ्या लढल्या, मोडल्या, त्यातली पांगलेली माणसं दुसऱ्यांच्या गावाच्या वेशीबाहेर राखणीला राहिली. हे त्यांचं म्हणणं. पण वेशीबाहेर राहणं निराळं आणि अस्पृश्य होणं निराळं, हेही त्यांनीच सांगितलं. अस्पृश्यता त्यांनी इ.स. ४०० च्या सुमाराला धरलीय, आणि तिचं मूळ बौद्धांच्या द्वेषात आणि गोमांसात शोधलंय. आता हिशेब कर. इनामगाव उठलं इ.स.पूर्व ७०० ला. मध्ये अकराशे वर्षं आहेत. तू एका वाक्यात अकराशे वर्षं खाल्लीस. बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावनेत म्हटलंय की जिथं दुवे सापडत नाहीत तिथं मी कल्पनेचा आधार घेतलाय. एवढा मोठा माणूस असं म्हणतो आणि आपण अभ्यासवर्गात छातीवर हात मारून 'तेव्हापासून आहे' म्हणतो.

तेव्हापासून नाही. 'तेव्हापासून' हा त्यांचा शब्द आहे, शंकराचार्यांचा. आपल्या तोंडात कसा आला?

मला तर इनामगावातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती शेवटची तीनशे वर्षं. इ.स.पूर्व १००० नंतर चौकोनी घरं जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. गहू कमी होतो, हरणाची शिकार वाढते, शेरडं-मेंढरं वाढतात. भांडी जाडीभरडी होतात, ती टण्ण वाजणारी राहात नाहीत. पाऊस हटला असं ढवळीकर म्हणाले. ग्वेन रॉबिन्स शुग नावाच्या अमेरिकन बाईंनी तिथल्या लहान मुलांची हाडं तपासून २०११ साली पुस्तक काढलं, त्यांना पावसाचं कारण एवढं सरळ वाटत नाही. पण या शेवटच्या काळातली लेकरं खुरटलेली होती, हे हाडांनी सांगितलं. भूक आधी लेकराच्या मांडीत शिरते. आमच्या गल्लीत तराजू घेऊन येणाऱ्या अंगणवाडीच्या ताईंना विचारा.

पाट बांधणारं, कोठार भरणारं गाव भटकायला लागलं. जे एकदा झालं ते तसंच चढत गेलं नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात आदिमानवापासून सुटाबुटातल्या माणसापर्यंत एक रांग असायची, हळूहळू ताठ होत जाणारी. त्या रांगेत इनामगावचा माणूस बसत नाही. तो ताठ झाला, मग परत वाकला, मग बोचकं उचलून निघाला. त्याची पोरं कुठं गेली? मेंढरांमागं? जंगलात? दुसऱ्या गावाच्या वेशीला? उत्तर कुणाकडं नाही, पण प्रश्न आपला आहे. बाबासाहेबांची पांगलेली माणसं वाचताना मला ही गोल झोपडीतली माणसंच दिसतात. हे मी कवी म्हणून म्हणतो, पुरावा म्हणून नाही.

एक राहिलं. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद. तिथं १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या माणसाला झाडाचा बुंधा खणताना चार मूर्ती सापडल्या. ताम्र-कांस्याचा रथ, त्याला दोन बैल, हाकणारा उभा. आणि हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोच्या वर. भारतातल्या जुन्या धातुकामात तोड नाही असं म्हणतात. पण या मूर्तींचं वय काय यावर विद्वानांचं अजून जमत नाही, कारण त्या थराथरानं, मोजपट्टी लावून काढल्या नाहीत. भिलाच्या कुदळीनं काढल्या. मला या गोष्टीवर हसावं की रडावं कळत नाही. तीन-चार हजार वर्षं त्या मूर्ती कुणाच्या हाती लागल्या नाहीत, आणि लागल्या त्या सरपणासाठी खणणाऱ्या आदिवासीच्या. निदान त्याचं नाव तरी नोंदलं गेलं. इनामगावला पंधरा वर्षं टोपल्या कुणी वाहिल्या, चाळण्या कुणी धरल्या, उन्हात खड्ड्यात उकिडवं बसून ब्रशनं लेकरांची हाडं कुणी मोकळी केली, त्यांची नावं मला पुस्तकात सापडली नाहीत. आजूबाजूच्या गावांतले मजूरच असणार. पांढरी वाहणारेच.

आणि नाशिक विसरू नका. १९५०-५१ ला सांकळिया आणि देव यांनी जोर्वे खणलं तसंच नाशकात मातीच्या गढीतही खणलं. तळाच्या थरात असलीच रंगवलेली खापरं. नदी ओलांडली की पंचवटी, काळाराम. २ मार्च १९३० ला आपली माणसं त्या दारापुढं उभी राहिली आणि दार मिटलं. देऊळ पेशवाईतलं. म्हणजे दाराचं वय दीडशेच्या घरात, आणि पलीकडच्या काठावर मातीखाली कुणाच्या तरी चुलीला तीन हजार वर्षं झालेली. सनातन कोण?

पत्रक काढायचं असेल तर काढू, पण बघून काढू. येत्या रविवारी मी मालेगावात आहे. चाळीसगावची सकाळची एस.टी. धरायची, तिथून बहाळ. टेकाड किती उरलंय आणि धाब्यांवर किती गेलंय ते जाऊन बघू. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनी यावं, माना खाली घातल्या त्यांनीही यावं. भाकरी आपापली आणा. खापर सापडलं तर खिशात घालू नका, जिथं आहे तिथंच ठेवा आणि वहीत चित्र काढा. आमच्या टोळीतला तो पाय गेलेला मित्रही येतोय, कुबडीवर. नदीकाठची चढण आहे, त्याच्यासोबत हळू चालायला दोघं-तिघं मागं राहा.